वरातीमागून घोडं

नवीन प्रोजेक्टवर गेलं की पहिल्याच मीटिंगमध्ये एक ठरलेला छळ असतो. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, आधी कुठे होतो ते सांगायचं आणि मग ‘स्वतःबद्दलची एक मजेशीर गोष्ट’ सांगायची. कोणी मॅरेथॉन पळालेलं असतं, कोणी बुलेटवरून लडाखला जाऊन आलेलं असतं. माझी पाळी आली तेव्हा डोकं पार कोरं होतं. तोंडातून निघून गेलं, ‘माझे आजोबा स्वतःच्या हाताने धनुष्यबाण बनवायचे.’

सगळे एकदम ‘वॉव’. मीही जरा खूश झालो. पण पलीकडच्या खिडकीत जर्मनीतला एक क्लायंट बसला होता, तो रविवारी धनुर्विद्येच्या क्लबात जाणारा निघाला. कुठलं लाकूड वापरायचे? लांबी किती? ओढायला किती पौंड लागायचे? बाणाला पिसं कशाची? मी दोन-तीन ‘ॲक्चुअली’ आणि एक ‘आय विल चेक’ यावर वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला यातलं एकही माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि त्यांचा कामठा मी कधी पाहिलेलाच नाही. आईच्या तोंडून एकदा ऐकलेलं एक वाक्य, एवढंच माझं भांडवल.

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. जिल्हा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर. ज्यांना पावसाळ्यातले धबधबे आणि काजवे बघायला भंडारदऱ्याला जायची सवय आहे त्यांना रस्ता सांगायला नको. विदर्भातला अकोला नव्हे, हे मात्र मला दर नव्या ओळखीच्या वेळी सांगावं लागतं. कळसूबाई आमच्याच तालुक्यात, बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणंही आमच्याच तालुक्यात. आम्ही महादेव कोळी. भात, नागली, वरई, आणि पीक पोटरीला आलं की रानडुकरं. आजोबा कामठा घेऊन माळ्यावर बसायचे ते या डुकरांसाठी, असं आई सांगायची.

त्या शुक्रवारी रात्री बाबांना फोन केला आणि विचारलं, आजोबांचा कामठा कसा होता हो?

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, ‘तुला काय करायचंय त्याचं?’ आणि नंतर, ‘जेवलास का?’

विषय संपला. बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं तिथे ते ‘जेवलास का’ विचारतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

त्यांनी सांगितलं नाही म्हटल्यावर मी इंजिनियर माणूस जे करतो तेच केलं. जालावर शोधलं. तीन आठवडे रोज रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. त्या क्लायंटनेही एक फोटो पाठवला होता, त्याच्या आजोबांच्या शेडमधल्या एका लाकडी बाकाचा. त्याला ते लोक ‘श्नित्सबांक’ म्हणतात, इंग्रजीत ‘शेव्ह हॉर्स’. मराठीत याला शब्द नाही, आणि का नाही ते मला पुढे कळलंच. तूर्तास आपण त्याला घोडं म्हणू, कारण आमच्या गावाने तेच नाव ठेवलं.

तर हे घोडं म्हणजे काय? एक पाच फुटी बाक, त्यावर घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. समोर, बाकाच्या लांबच्या टोकाला जोडलेली आणि आपल्या दिशेने चढत येणारी एक तिरकी फळी. फळीत आणि खाली बाकात एकाखाली एक दोन खाचा, आणि त्या खाचांतून गेलेला एक उभा दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला ठोकळ्याचं डोकं, खालच्या टोकाला पाय ठेवायला आडवी पायटी. मधे एका लोखंडी गजावर तो दांडा झुलतो. पायांनी पायटी पुढे रेटली की वरचं डोकं आपल्याकडे आणि खाली येतं आणि फळीवर ठेवलेलं लाकूड गच्च धरतं. पायाने चालणारा अडकित्ताच म्हणा ना. दोन्ही हात मोकळे. त्या हातांत दोन मुठींची लांब सुरी धरायची आणि लाकूड आपल्याकडे ओढत सोलायचं.

यात मला सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. तुम्ही सुरी जितक्या जोराने स्वतःकडे ओढाल तितके तुमचे पाय आपोआप पुढे रेटले जातात. म्हणजे जितका जोर, तितकी पकड. वेगळं काही आवळावं लागत नाही. आणि पाय सैल सोडला की लाकूड लगेच सुटतं, फिरवा, उलटं करा, पुन्हा दाबा. शिकंज्यात धरलं तर दर वेळी दांडी फिरवत बसा. धनुष्य बनवताना लाकूड किमान शंभरदा फिरवून बघावं लागतं, त्यामुळे ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे.

पण लाकूड? तेही जालावरच सापडलं, फक्त आमच्या रानात उगवणारं. धामण. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुष्याचंच नाव. चिवट, लवचिक, कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी याच लाकडाच्या करतात. मी उत्साहात आईला फोन केला, ‘आई, आपल्या बांधावर धामण आहे का गं?’ तर ती घाबरून, ‘अरे, कोणी पाहिली? किती मोठी?’ धामण हे सापाचंही नाव आहे हे माझ्या ध्यानातच नाही आलं. दहा मिनिटं घरात काठ्या घेऊन शोधाशोध झाली. :-)

झाड होतं. उभं झाड तोडायचा प्रश्नच नव्हता, त्याला परवानग्या लागतात, आणि आमच्याकडे तर पलीकडची हद्द थेट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची. पण जूनमधल्या वाऱ्यात एक मनगटापेक्षा जाड, सरळ फांदी मोडून आमच्याच वावरात पडली होती. तिचे साडेपाच फुटी दोन तुकडे केले, पाचरी ठोकून उभे फाडले. करवतीने कापायचं नाही. पाचर धाग्याच्या वाटेने जाते, करवत आपल्या वाटेने जाते. दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासला म्हणजे टोकं आधी वाळून तडकत नाहीत, आणि माळ्यावर ठेवून दिलं. दर विकांताला गेलो की वजन करायचो. वजन उतरत राहतं तोवर लाकूड ओलं. दिवाळीनंतर आकडा हलायचा थांबला.

मधल्या काळात घोडं.

हिंजवडीतून शुक्रवारी निघायचं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवायचे, नारायणगाव, आळेफाटा, मग बोट्यावरून कोतूळमार्गे राजूर. पोचायला रात्रीचे बारा. शनिवारी सकाळी गोठ्याच्या पडवीत काम सुरू. गोठ्यात आता जनावरं नाहीत. आंब्याची एक जुनी फळी होती, तिचा बाक. पाय बाभळीचे. तीनच पाय, कारण पडवीची जमीन उंचसखल आणि तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही. हे नववीच्या भूमितीत शिकलो होतो, पहिल्यांदा कामाला आलं. दोन पाय बसायच्या बाजूला, एक पुढे, म्हणजे पायटीला जागा राहते.

गावातले सुतारनाना दुसऱ्याच दिवशी बघायला आले. सत्तरी ओलांडलेले. एके काळी बलुत्यावर आख्ख्या गावाचे नांगर, कुळव, पाभरी त्यांच्याकडेच. आता ट्रॅक्टर आला आणि दारं-खिडक्या तयार मिळतात. ते उकिडवे बसून अर्धा तास नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे कशापायी?’

मी सांगितलं, लाकूड धरायला.

‘आन् पाय कशाला दिलेत देवानं?’

मग त्यांनी दाखवलं. जमिनीवर बसले, माझ्या हातातली बाभळीची काठी घेतली, एक टोक ओट्याच्या कडेला टेकवलं, दुसरं पायाच्या दोन बोटांत आणि टाचेखाली पकडलं, आणि वाकसाने सपासप तासत गेले. बोटापासून दोन इंचांवर पातं पडत होतं. मला बघवेना. पाच मिनिटांत काठी गोल. तेव्हा कळलं की मराठीत या यंत्राला शब्द का नाही. लागलाच नाही. आपल्याकडे सगळं काम जमिनीवर बसून. आईची विळी बघा ना. विळी पायाने दाबून धरायची आणि भाजी हाताने फिरवायची. जर्मनीतल्या चिखल-बर्फात जमिनीवर कोण बसणार, म्हणून त्यांनी पायाची बोटं लाकडात केली. नानांच्या अंगातच घोडं होतं, मला ते बनवून घ्यावं लागत होतं.

नाना जाताना आईला म्हणाले, ‘पोरानं वरातीमागून घोडं आणलंय.’ संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

सुरी मात्र पुण्यात कुठेच मिळाली नाही. बाजारच्या दिवशी राजूरला एका लोहाराकडे मोबाईलवर चित्र दाखवलं. त्याने जीपच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवला, ठोकला, दोन्ही टोकं वळवून मुठी बसवायला शेपट्या काढल्या, पाणी दिलं. सहाशे रुपये. त्याचा भाता आता हाताने ओढायचा नाही, मोटरचा आहे. (बाण ठेवायचा तोही भाता आणि लोहाराचा तोही भाता, हे तिथे उभं असताना पहिल्यांदा जाणवलं.)

घोड्याची पहिली आवृत्ती फसली. दिसायला फोटोसारखी, पण लाकूड धरेचना, सुरी ओढली की घसरून छातीशी यायचं. मला वाटलं डोकं गुळगुळीत आहे म्हणून, मग त्याला रबर चिकटवलं, खाचा पाडल्या. दोन विकांत वाया गेले. शेवटी टेप घेऊन मोजलं. मी गज सरळ बाकातूनच घातला होता. गजापासून पायटी १४ इंच आणि गजापासून डोकं १० इंच. म्हणजे पायाचा जोर दीडपटही होत नव्हता. गज वर, तिरक्या फळीत नेला, तसं ते अंतर १८ आणि ६ झालं. सरळ तिप्पट. आठवीतली तरफ. चार वर्षं इंजिनियरिंग करून तरफेचा बग काढायला दोन आठवडे लागले, हे टीममध्ये कोणाला सांगितलेलं नाही.

बाबा या सगळ्या काळात पडवीत फिरकले नाहीत. पेपर वाचायचे, रेडिओ लावायचे, मी आत आलो की हापिसाचं विचारायचे. एकदा आई जेवताना म्हणाली, ‘अहो, बघा तरी काय करतोय.’ ते म्हणाले, ‘बघितलंय मी.’ बस.

जानेवारीत पहिला कामठा तासायला घेतला. घोड्यावर बसून पहिली साल निघाली तेव्हाचं सुख काय सांगू. लांब, ओलसर वासाची, कुरळी पट्टी निघते आणि मांडीवर पडते. दिवसभर स्क्रीनवर जे करतो त्याची अशी पट्टी कधी निघत नाही. तासाभरात गुडघ्याएवढा ढीग. शेजारची पोरं तो न्यायला टपलेली, चुलीला आयता भुसा.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. लक्ष्याकडची ती पाठ, आपल्याकडचं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ताण सोसणारी बाजू कापायची नाही, सालीखालचा थर जसा आहे तसा अखंड ठेवायचा, धागा तुटता कामा नये. जे काय तासायचं ते पोटाकडून. आणि जाडी फार नाठाळ गोष्ट आहे. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, सरळ हिशोब. पण जाडीचा घन लागतो. १० मिलिमीटरचे ९ केले तर ताठपणा दहा टक्के नाही, २७ टक्के उतरतो. एक मिलिमीटर म्हणजे घोड्यावर सुरीच्या तीन-चार ओढी. कंट्रोल-झेड नाही. थेट प्रॉडक्शनवरच काम. हापिसात हे कोणी करू दिलं नसतं.

तासायचं, दोरी लावायची, भिंतीतल्या खुंटीला मूठ अडकवून दोरी खाली ओढायची, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, जिथे ताठ आहे तिथून थोडं काढायचं, पुन्हा. लटकता काटा दोरीला लावला की किती किलो ते कळतं. मी मोबाईल समोर ठेवून दर ओढीला फोटो काढत होतो, लॅपटॉपवर त्यावर वक्र काढून ताडून बघत होतो. फोटोत दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. बावीस इंचांवर कामठा फटाका फुटावा तसा फुटला. एक तुकडा कौलाला लागला.

पाठीवर एक गाठ होती. आडवी येत होती म्हणून मी ती ‘जरा सारखी’ केली होती. तिथेच धागा कापला गेला होता.

आवाज ऐकून बाबा आले. तुकडे उचलले, तुटलेली कड अंगठ्याने चाचपली, आणि खाली ठेवून आत गेले. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत. संगमनेरच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचं सांगून वर्ष झालं होतं. उकिडवं बसणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

मी चिडलो होतो. लाकडावर नाही, त्यांच्यावर. रात्री जेवणं झाल्यावर बोलून गेलो, ‘तुम्हाला लाज वाटते का बाबा याची?’

आई ताटं उचलायची थांबली. बाबा शांतपणे म्हणाले, ‘हो. वाटायची.’

आणि मग त्यांनी सांगितलं. १९८१ साल, नगरला कॉलेजात पहिलं वर्ष, होस्टेलला होते. गॅदरिंगला एक ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं. नाचणारी सगळी शहरातली मुलं. कमरेला पाला, तोंडाला काजळ. त्यांना कोणीतरी सांगितलं, आपल्याकडे एक खराखुरा आहे. बाबांना मध्ये उभं केलं, हातात कागदी धनुष्य दिलं आणि म्हणाले, तू नाचू नकोस, नुसता ओरड. गणितात पहिला आलेला मुलगा. ‘आणि मी ओरडलो,’ बाबा म्हणाले. ‘ते मला आवडत नाही. त्यांनी सांगितलं ते नाही. मी ओरडलो ते.’

पुढची तीन वर्षं होस्टेलात त्यांचं नाव ‘तीरकमठा’. दिवाळीला घरी आले तेव्हा आजोबांचा कामठा आढ्याला टांगलेला होता. आजोबा वावरात गेलेले. बाबांनी तो काढला, गुडघ्यावर मोडायला गेले तर मोडेना, इतका चिवट. मग तसाच चुलीत सारला, एक टोक आत, एक बाहेर. आजोबा संध्याकाळी आले, चुलीकडे बघितलं, पाणी प्यायले. काही बोलले नाहीत. पुन्हा बनवलाही नाही. पुढे डुकरांना फटाके लावायचे.

मी काय बोलणार होतो? ‘जेवलास का’ विचारायची पाळी माझी होती.

नंतर बरंच काही जुळत गेलं. बाबा वर्गात एकलव्याची गोष्ट शिकवायचे तेव्हा अंगठा कापला इथे थांबायचे आणि पुस्तक मिटायचे, गुरुदक्षिणेचं कौतुक कधी केलं नाही. मी त्याच शाळेत होतो, मला आठवतं. ९ ऑगस्टला राजूरला मिरवणूक निघते, पोरं थर्माकोलची धनुष्यं घेऊन फोटो काढतात, तेव्हा ते घरीच बसतात. आणि मी? मीही तेच केलं होतं की. मीटिंगमध्ये, मजेशीर गोष्ट म्हणून. मला कोणी ओरडायला सांगितलं नव्हतं एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी पुण्याला निघायचं होतं. खरं तर मी घोडं मोडून जळणात टाकायच्या विचारात होतो, अगदी सिनेमात टाकतात तसं. सकाळी पडवीतून खरखर आवाज आला. बाबा घोड्यावर बसले होते. दुसरा तुकडा, तो माळ्यावरचा, त्यांनी फळीवर ठेवला होता आणि पायटी दाबून बघत होते. दाबली, सोडली. दाबली, सोडली.

‘हे बरंय,’ म्हणाले. ‘गुडघा वाकवावा लागत नाही.’

मग पुढचे सहा विकांत आम्ही दोघांनी तो कामठा केला. म्हणजे पहिले दोन आठवडे मी केला आणि त्यांनी चुका काढल्या. नंतर त्यांनी केला आणि मी सालं गोळा केली. सुरी त्यांनी फक्त वरवरच्या कामाला वापरली. शेवटचं काम फुटलेल्या बाटलीच्या काचेने. काच ओढली की पिठासारखा भुगा निघतो, केसाएवढाच. ‘तुझ्या सुरीला घाई आहे,’ म्हणाले. लहानपणी आजोबा पायाने कामठा धरून काच ओढायचे तेव्हा दुसरं टोक धरून बसायचं काम बाबांचं होतं. सात-आठ वर्षांचे असताना. तास-तास.

माझे फोटो आणि वक्र त्यांनी एकदाही बघितले नाहीत. खुंटीला लावून मी दोरी ओढायची आणि ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून बघायचे, एक डोळा मिटून. ‘खालची बाजू आळशी आहे,’ म्हणायचे. म्हणजे कमी वाकते. ‘मुठीपासून चार बोटांवर. काच दहा वेळा.’ मी लॅपटॉपवर बघायचो तर खरंच तिथेच, दोन मिलिमीटरचा फरक. गाठीजवळ मात्र काहीच काढायचं नाही, उलट तिथे लाकूड थोडं जास्त ठेवायचं, तिला वळसा घालून जायचं. हे कुठल्या व्हिडिओतही होतं, पण मी ते पुढे ढकललं होतं.

नाना मधूनमधून यायचे. एकदा घोड्याचा मागचा पाय ढिला झाला होता, उन्हाने लाकूड आकसलं होतं, तर त्यांनी बोलल्याशिवाय पाचर कापून ठोकली. मग ‘सरक जरा’ म्हणून स्वतःही बसून बघितलं. बाबांनी विचारलं, काय नाना? नाना म्हणाले, ‘म्हाताऱ्यायला चांगलंय.’ आणि लगेच उतरले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कामठा पुरा झाला. २६ इंचांवर १४ किलो. दोरी अंबाडीची वळावी असं मला वाटत होतं, बाबांनी नायलॉनची वळली, म्हणाले तुझा आजाही मिळाली तेव्हापासून नायलॉनचीच वापरायचा. झालं, माझ्या सगळ्या परंपरेवर पाणी. :-) बाणांना वावरातल्या बेटातला बारीक बांबू. पेंढ्याचे चार भारे रचून बांधावर ठेवले. त्याच्यापलीकडे काही मारायचं नाही, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे आणि डुकरांनाही तो माहीत असावा अशा थाटात ती येतात.

पहिला बाण मी मारला, भाऱ्याच्या वरून गेला. बाबांनी मारला तो भाऱ्याच्या कोपऱ्यात लागला. ते काही बोलले नाहीत, पण दुसरा बाण मागितला. हात थरथरत होता, वयाने असेल. एकूण अकरा बाण मारले. पोरं गोळा झाली, एकाने विचारलं, गुरुजी, आता ऑलिंपिकला जाणार का? बाबा त्याला म्हणाले, ते वेगळं असतं. आणि मग तिथेच उभं राहून त्यांनी सगळ्यांना साताऱ्याच्या अदिती स्वामीची गोष्ट सांगितली, २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झालेली, तिच्या धनुष्याला चाकं कशी असतात आणि त्या चाकांनी पूर्ण ओढल्यावर हातावरचा जोर कसा कमी होतो ते. मातीत काडीने आकृती काढून. वाकता येत नाही म्हणून आकृती एका पोराकडून काढून घेतली. त्यांना हे सगळं कधीपासून माहीत होतं, मला पत्ता नाही.

जर्मन क्लायंटला फोटो पाठवला. कामठ्याचा नाही, घोड्याचा. त्याने लगेच विचारलं, तो बसलेला माणूस कोण? मी लिहिलं, माझे वडील, गणिताचे शिक्षक.

गेला महिना रिलीज चालू आहे, गावाला जाणं झालं नाही. परवा रात्री बाबांचा फोन आला. कामठा आढ्याला टांगलाय, उंदरांनी दोरी कुरतडली, दुसरी वळली. आईच्या खुरप्याला नवीन दांडा घोड्यावर केला, नानांच्या नातवाला भोवरा केला. आता बैठक दोन इंचांनी वर घ्यायला हवी, उठताना गुडघ्यावर येतं. पण ती वर घेतली तर पायटीही वर घ्यावी लागेल, मग ते तुझं तिप्पट राहील का, जरा हिशोब करून सांग. आणि येताना बारीक कानस आण, इथली सगळी जाड आहेत.

मी म्हटलं, शनिवारी येतो, तेव्हा मोजू.

‘कागदावर करून आण,’ बाबा म्हणाले. ‘जेवलास का?’